धातूंवरचं संशोधन संपलंय का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे की धातूंबद्दल जे शोधायचं ते शोधून झालंय, स्टील आणि ॲल्युमिनियम शंभर वर्षं तेच आहे, नवीन मटेरियल आता एआय शोधून देणार, मग मेटलर्जी आणि मटेरियल सायन्समधल्या रिसर्चला महत्त्व काय उरलं, त्याचं भविष्य काय, आणि पदवीनंतर या विषयात पीएचडी करावी का. माझं सगळं काम धातूंचंच, त्यातही जास्त करून तुटलेल्या पार्टचं, म्हणजे एखादी गोष्ट तुटली की ती का तुटली हे शोधायचं, त्यामुळे उत्तर त्याच बाजूनं येणार आणि थोडं लांबणार.

पहिलं म्हणजे "तेच स्टील" हे डोक्यातून काढून टाका. साधं माइल्ड स्टील साधारण ४०० मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दरवाज्याच्या मधला जो खांब असतो, बी-पिलर, तो आजकाल ज्या स्टीलचा करतात ते १५०० मेगापास्कलच्या आसपास सोसतं. दोन्हीत ९७ टक्क्यांच्या वर लोखंडच आहे! फरक कशानं पडतो तर ०.२२ टक्के कार्बन, एक-सव्वा टक्का मँगनीज, आणि बोरॉन, तेही वजनानं दहा लाखात २० ते ५० भाग एवढंच. पत्रा ९०० डिग्रीच्या आसपास तापवतात, लालभडक असतानाच डायमध्ये दाबतात, डाय आतून पाण्यानं थंड ठेवलेली असते, त्यामुळे आकार आणि क्वेंचिंग (झटक्यात थंड करणं) एकाच दणक्यात होतं आणि आतलं सगळं मार्टेन्साइट, म्हणजे अतिशय कडक रचना, होऊन जातं. बोरॉनचं काम इथं काय, तर तो गरम अवस्थेत ग्रेन बाउंडरीवर, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक (ग्रेन) जिथं एकमेकांना भिडतात त्या सीमेवर, जाऊन बसतो, आणि मऊ फेराइट नेमकं तिथूनच उगवायला सुरुवात करत असतं, ती सुरुवात तो लांबवतो, तेवढ्या वेळात पत्रा थंड होऊन कडक झालेला असतो. पण स्टीलमध्ये मोकळा नायट्रोजन असला तर बोरॉन त्याच्याशी बोरॉन नायट्राइड करून बसतो आणि मग त्याचा उपयोग शून्य, म्हणून आधी थोडं टायटॅनियम घालतात, नायट्रोजनला ते पकडून ठेवतं. दहा लाखात तीस भाग असलेला अणू नेमका कुठं बसलाय यावर अपघातात माणूस वाचणार की नाही हे ठरतंय. हे कळायला कित्येक दशकं आणि कित्येक लॅब लागल्या, आणि अजूनही यात पेपर निघतायत कारण लोकांना १५०० वरून २००० ला जायचंय आणि तिथं गेल्यावर हायड्रोजन नावाचा दुसरा त्रास सुरू होतो, त्याबद्दल पुढं लिहितोच.

म्हणजे मला मुळात एकच गोष्ट सांगायची आहे. मटेरियलचा रिसर्च म्हणजे कुठंतरी नवीन चमत्कारी पदार्थ सापडणं असं बाहेरून वाटतं, प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक महत्त्वाचं काम आहे ते रोजच्याच धातूच्या आत काय चाललंय, कुठली अशुद्धी कुठं बसते, क्रॅक कुठून निघते, वीस वर्षांनी तो धातू कसा होतो, हे समजून घेणं आणि ते हातात आणणं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वीज, वाहनं, विमानं यांचं जे काही होणार आहे ते याच कामावर अडून बसलंय.

ते समजलेलं नसलं की काय होतं याची दोन उदाहरणं. १६ जानेवारी १९४३, अमेरिकेत पोर्टलंडला शेनेक्टडी नावाचं नवं कोरं टँकर जहाज धक्क्याला उभं असताना, वादळ नाही काही नाही, मधून फुटलं. त्या काळात घाईघाईनं बांधलेल्या लिबर्टी जहाजांनाही असेच तडे जात होते आणि सगळे वेल्डिंगला दोष देत होते. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ गोम स्टीलमध्येच आहे, ठराविक तापमानाच्या खाली ते स्टील काचेसारखं ठिसूळ होतं, आणि वेल्ड केलेल्या जहाजात पत्रे सलग असल्यामुळे क्रॅकला थांबायला जागाच मिळत नाही. आज जहाजाच्या, पाइपलाइनच्या, प्रेशर व्हेसलच्या महत्त्वाच्या प्लेटची कमी तापमानाला शार्पी टेस्ट (खाच पाडलेला तुकडा हातोड्यानं तोडून बघणं) होते ती याच धड्यामुळे.

दुसरं उदाहरण मी नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला सांगतो. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, बांधला १९२८ ला, कोसळला १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, ४६ माणसं गेली. पूल लटकवला होता आयबारच्या साखळीवर, म्हणजे दोन्ही टोकाला भोक असलेल्या लांब सपाट पट्ट्या, भोकातून पिन घालून एकमेकींना जोडलेल्या, आणि एका कडीत फक्त दोनच पट्ट्या. तपासात सापडली ती क्रॅक भोकाच्या आतल्या कडेला, खोली साधारण अडीच मिलिमीटर. अडीच! सततचा ताण आणि गंज दोघांनी मिळून ती जवळजवळ चाळीस वर्षं हळूहळू वाढवली, आणि ते हीट ट्रीटमेंट केलेलं स्टील ताकदीला चांगलं पण टफनेसला, म्हणजे क्रॅक रोखायला, कमी, त्यामुळे एवढ्याशा क्रॅकलाही ते एका क्षणात आरपार गेलं. एक पट्टी तुटली, दुसरीवर सगळा भार आला, पूर्ण पूल खाली. आणि लक्षात घ्या, १९२८ च्या डिझायनरला अशा स्टीलला साध्या हवेत असं होऊ शकतं हे माहीतच नव्हतं, कारण ते ज्ञानच तेव्हा नव्हतं, आणि जोड न उघडता ती क्रॅक दिसायचीही सोय नव्हती. या घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशपातळीवरचे नियम आले. फ्रॅक्चर मेकॅनिक्स हा विषय, म्हणजे क्रॅक आहे असं धरूनच ती किती मोठी होईपर्यंत चालेल याचा हिशेब करायचा, तो कागदावरून प्रत्यक्ष वापरात आला तो अशाच किमती मोजून.

रिसर्चचं महत्त्व काय असं कोणी विचारलं की मला आधी हेच आठवतं. पैशातच मोजायचं असेल तर गंजाचा जगभरचा वार्षिक खर्च २०१३ च्या आकड्यांवर अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या जीडीपीच्या ३.४ टक्के, असा अंदाज केला गेला होता, आणि त्यातला बराचसा भाग आज माहीत असलेल्याच गोष्टी नीट वापरल्या तरी वाचू शकतो.

आता भविष्याकडं. सगळ्यात मोठा विषय माझ्या मते बॅटरीही नाही आणि ग्राफीनही नाही, स्टीलच आहे. जगात वर्षाला साधारण १९० कोटी टन स्टील बनतं, कोळशाच्या रूटनं एक टन स्टील करताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात एकट्या स्टीलचा वाटा ७-८ टक्के आहे. यावर दोन वाटा दिसतायत, एक म्हणजे कोळशाऐवजी हायड्रोजननं ओअर रिड्यूस करायचं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून लोखंड मिळवायचं, दुसरी म्हणजे भंगार जास्तीत जास्त वितळवायचं. ऐकायला दोन्ही सोपं वाटतं.

हायड्रोजनची वाट स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पानं करून दाखवलीये, २०२१ मध्ये त्यांनी त्या रूटनं बनवलेलं स्टील व्होल्वोला दिलं सुद्धा. पण कोळशाच्या भट्टीत जी रिॲक्शन उष्णता देते ती हायड्रोजनबरोबर उष्णता खाते, ओअरमधली माती-सिलिका पूर्वी ब्लास्ट फर्नेसमध्ये निघून जायची ती आता आर्क फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, येते म्हणून ओअर उच्च दर्जाचं लागतं आणि तसं ओअर जगात मर्यादित, शिवाय अशा न वितळवता मिळवलेल्या लोखंडात, म्हणजे स्पंज आयर्नमध्ये, कार्बनच नसतो, तर आर्क फर्नेसमधला स्लॅग (वर तरंगणारा मळ) फेसाळायला जो कार्बन लागतो तो आणायचा कुठून हा वेगळाच प्रश्न. यातला एकेक मुद्दा म्हणजे एकेक पीएचडी आहे, खरंच.

भंगाराच्या वाटेबद्दल मी जास्त लिहितो कारण यावर फार कमी बोललं जातं. जुनी गाडी चुरा करून वितळवली की तिच्यातल्या मोटरी आणि वायरिंगचं तांबं स्टीलमध्ये येतं. एकदा आलं की काढता येत नाही, कारण स्टील बनवताना अशुद्धी जाळून स्लॅगमध्ये ढकलायची असते आणि तांबं लोखंडापेक्षा कमी जळकं, म्हणजे तांबं जळायच्या आधी सगळं लोखंडच जळून जाईल. बरं, राहिलं थोडं तांबं तर बिघडलं काय? बिघडतं ते रोलिंगला. स्लॅब, म्हणजे स्टीलची जाड लादी, १२०० डिग्रीच्या वर तापवतात तेव्हा पृष्ठभागावरचं लोखंड ऑक्साइड होऊन स्केल बनून जातं, तांबं मात्र तसंच मागं राहतं आणि स्केलच्या खाली साठत जातं, तांब्याचा वितळबिंदू १०८५ डिग्री, म्हणजे तिथं चक्क द्रव तांब्याचा पातळ थर तयार होतो, तो ग्रेन बाउंडरीतून आत शिरतो आणि रोलरखाली स्लॅब गेला की पृष्ठभागभर तडे. मायक्रोस्कोपखाली याचा सेक्शन बघितला तर ग्रेनच्या कडांनी आत गेलेल्या तांबूस रेघा स्पष्ट दिसतात, दुसरं काही सांगायची गरज राहत नाही. टिन सोबत असलं तर आणखी वाईट, निकेल घातलं तर थोडं सावरतं पण निकेल महाग. बांधकामाच्या सळईला ०.४ टक्क्यापर्यंत तांबं चालून जातं, गाडीच्या खोल दाबायच्या पत्र्याला ०.०६ च्या वर गेलं की अडचण. आत्तापर्यंत भागतंय कारण भंगारात ओअरचं नवं लोखंड मिसळून तांबं पातळ करता येतं आणि उरलेलं सळईत खपवता येतं. पण भंगार जसजसं वाढणार आणि ओअरचं लोखंड कमी होणार तसतसं ही खपवायची जागा संपणार आहे, आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर तांबं आणखी जास्त आहे. तेव्हा तांबं सहन करणारं स्टील कसं डिझाइन करायचं, तापवायची पद्धत कशी बदलायची, भंगार चुरतानाच तांबं कसं वेगळं करायचं, यावर आज जो बसेल त्याला वीस वर्षं काम पुरेल.

ॲल्युमिनियमचंही तेच दुखणं आहे, तिथं तांब्याच्या जागी लोखंड नडतं.

हायड्रोजनचा दुसरा त्रास म्हणालो होतो तो असा. जास्त ताकदीचा बोल्ट, समजा १२.९ ग्रेडचा, ॲसिडमध्ये साफ करून त्यावर झिंक प्लेटिंग केलं, फिट केला, टॉर्क बरोबर, सगळं बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्यानं कोणी हात न लावता डोकं उडालेलं असतं. तुटलेला भाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला की ग्रेन एकमेकांपासून सुटे झालेले दिसतात, प्रत्येक ग्रेनचा चेहरा स्वच्छ, ओढून ताणल्याची खूण नाही. कारण ॲसिडिंग-प्लेटिंगच्या वेळी आत गेलेला हायड्रोजन, आणि तो वजनानं दहा लाखात एक-दोन भाग असला तरी पुरतो. यावर उपाय म्हणून प्लेटिंगनंतर लगेच २०० डिग्रीच्या आसपास बरेच तास भाजतात, आणि हे "लगेच" फार महत्त्वाचं आहे, कारण नुसता ठेवून दिला आणि क्रॅक एकदा सुरू झाली की नंतर कितीही भाजा, ती काही मिटत नाही. हायड्रोजननं लोखंड ठिसूळ होतं हे १८७५ साली जॉन्सन यांनी नोंदवून ठेवलंय, आणि आज दीडशे वर्षं झाली तरी नेमकं कसं होतं यावर एकमत नाही. काही जण म्हणतात हायड्रोजन अणूंमधला बंध सैल करतो, काही म्हणतात तो डिसलोकेशनना, म्हणजे क्रिस्टलमधल्या रेषेसारख्या दोषांना, एका ठिकाणी पळायला मदत करतो, बहुधा दोन्ही होतं, कुठल्या स्टीलमध्ये काय जास्त हे वेगवेगळं. मुख्य अडचण ही की हायड्रोजन दिसतच नाही, इतका हलका आणि इतका पळपुटा. गेल्या काही वर्षांत ॲटम प्रोब या एकेक अणू ओळखणाऱ्या यंत्रासाठी सॅम्पलमध्ये हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरून, सॅम्पल अतिथंड ठेवून, तो व्हॅनेडियम किंवा नायोबियम कार्बाइडच्या बारीक कणांपाशी अडकलेला प्रत्यक्ष दाखवता आलाय. म्हणजे स्टीलमध्ये मुद्दाम असे सापळे पेरून ठेवता येतील. आता जग हायड्रोजन पाइपनं वाहून न्यायचं, टाकीत दाबून भरायचं म्हणतंय, तर हा सगळा विषय एकदम ऐरणीवर आलाय.

बाकीच्या गोष्टींवर पटपट जातो. जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा गॅस १५०० डिग्रीच्या वर असतो, ब्लेड ज्या निकेल अलॉयचं असतं ते त्याच्या आधीच वितळतं, तरी ते टिकतं कारण आतून हवा खेळवलेली, वरून झिर्कोनियाचा लेप, आणि सगळं ब्लेड म्हणजे एकच क्रिस्टल, ग्रेन बाउंडरीच नाही. त्यात रेनियम घालतात, आणि रेनियम जगभर वर्षाला काही दहा टनच निघतं, तर ते कमी करून तेवढीच ताकद कशी आणायची हा सध्याचा शोध. चुंबकांचं तसंच, निओडिमियम-लोखंड-बोरॉनचं चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, गरम मोटरमध्ये ते टिकावं म्हणून डिस्प्रोशियम लागतं आणि ते दुर्मिळ, म्हणून आता ते सगळीकडं न घालता फक्त ग्रेनच्या कडेला मुरवतात, थोडक्यात भागतं. थ्रीडी प्रिंटिंगनं आकार हवा तो मिळतो पण आतली भोकं आणि राहिलेले ताण यावर अजून बरंच काम आहे, फटीगचा, म्हणजे वारंवार ताण येणारा, पार्ट असेल तर मी तरी तो तपासल्याशिवाय पास करणार नाही. फ्युजनमध्ये, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवताना, १४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन भिंतीवर आदळून धातूच्या आत हीलियम तयार करतात आणि धातू फुगतो, अशा न्यूट्रॉनचा पुरेसा मारा करून बघायची सोय सुद्धा आज जगात नाही.

एआयबद्दल वेगळं लिहितो कारण प्रश्नात तेच टोचतंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलच्या डीपमाइंडनं नोम (GNoME) नावाच्या एआय मॉडेलनं २२ लाख नव्या क्रिस्टल रचना सुचवल्या, त्यातल्या ३ लाख ८० हजार स्थिर असाव्यात असं सांगितलं. मोठंच काम आहे. पण ती स्थिरता शून्य केल्व्हिनच्या गणितातली आहे. ती रचना बनते का, टनांमध्ये बनते का, वेल्ड होते का, वीस वर्षं ओल्या हवेत टिकते का, क्रॅक गेली तर थांबते का, यातलं काहीच त्या यादीत नाही. वर सांगितलेला बोरॉन आठवा, तो कुठल्याही स्थिर क्रिस्टलच्या यादीत येणारच नाही कारण त्याचं सगळं काम दोषाच्या जागी बसून आहे. आणि धातूंची ताकद म्हणजे जवळजवळ सगळी दोषांचीच करामत आहे. त्याच वर्षी जुलैत एलके-९९ नावाच्या पदार्थाचा गाजावाजा झाला, रूम टेंपरेचरला सुपरकंडक्टर (विजेला अजिबात अडथळा न करणारा पदार्थ) सापडला म्हणून, महिनाभरात कळलं की १०४ डिग्रीला रेझिस्टन्स जो एकदम पडत होता तो सॅम्पलमधल्या कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे, त्याचं रूपांतर बरोबर त्याच तापमानाला होतं. जुन्या पुस्तकात असलेली गोष्ट. सॅम्पलमध्ये नक्की कोणते फेज (वेगवेगळ्या रचनेचे भाग) आहेत हे बघणारा माणूस लागतोच.

तरीही कॉम्प्युटरला मी कमी लेखत नाहीये. आल्फ्रेड विल्म यांना १९०६ च्या सुमाराला ॲल्युमिनियम-तांबं-मॅग्नेशियमचा अलॉय क्वेंच करून नुसता ठेवल्यावर आपोआप कडक होतो हे योगायोगानं दिसलं, त्यातून ड्युरालुमिन आलं, विमानं उडाली, आणि तो का कडक होतो हे गिनिए आणि प्रेस्टन यांनी एक्सरेनं दाखवलं ते १९३८ ला. वापर आधी, समज तीस वर्षांनी. आता उलटं व्हायला लागलंय, थर्मोडायनामिक्सच्या डेटाबेसवरून आधी कॉम्प्युटरवर डिझाइन केलेली लँडिंग गिअरची स्टील खरोखर विमानात गेलीयेत, आणि अलॉय लॅबपासून पार्टपर्यंत जायला जी वीस वर्षं लागायची ती निम्म्यावर येऊ शकतात. पण ते डेटाबेस भरले कोणी, तर भट्टीत सॅम्पल आठवडाभर ठेवून मोजणाऱ्या लोकांनी, आणि आज अशी मोजमापं करायला पैसे देणारं कोणी फारसं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॉडेल हवंय सगळ्यांना, डेटा मोजायला कोणी नको.

तर पीएचडी करू का? धातू आवडत असेल तर जरूर करा. थर्मोडायनामिक्स, डिफ्युजन आणि फेज डायग्राम हे तीन पक्के करा, पायथन शिका ते आता धरूनच चाला, पण पहिल्या वर्षी सॅम्पल स्वतः कापा, स्वतः पॉलिश करा, नायटलनं (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) एच करून, म्हणजे पृष्ठभाग हलकासा खाऊन, स्वतः मायक्रोस्कोपखाली बघा, हे काम टेक्निशियनवर सोडू नका, नजर त्यातूनच तयार होते. विषय निवडताना मी तरी भंगारातलं तांबं-टिन किंवा स्टीलमधला हायड्रोजन यातलं एक घेईन, दोन्हीकडं इंडस्ट्रीला आज उत्तर हवंय आणि मूळ विज्ञानही उघडं पडलेलं आहे. आणि गाइड ठरवायच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून एवढं विचारा की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर आठवड्याला किती तास मिळतात आणि मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला किती महिने जातात, कारण चांगल्या विषयाची तीन वर्षं तिथंच अडकलेली मी बघितलीयेत.